शब्दाचे मोल: प्रारंभिक मध्ययुगातील भटक्या बार्डची अद्भुतकथा कशी लिहावी

भटका बार्ड, म्हणजे गावोगाव फिरणारा गायक-कवी, हा अद्भुतकथेतला जुना सोबती आहे, पण बहुतेक कथांमध्ये त्याच्या वाट्याला त्याचे खरे काम येत नाही. पाठीवर वाद्य, जिभेवर हजरजबाबी उत्तर, एका गाण्याच्या बदल्यात एक नाणे आणि संकट आले की तलवार चालवणाऱ्या मित्राच्या मागे उभे राहणे, एवढ्यावर त्याची बोळवण होते. इसवी सनाच्या पाचव्या ते आठव्या शतकातील ब्रिटन आणि आयर्लंड यांच्याबद्दल जे काही हाती लागते ते वाचल्यावर मात्र फार वेगळे चित्र दिसते. तेथे कवीने केलेली स्तुती ही राजाची मिळकत होती, कवीने केलेली निंदा हा भरपाई मागता येईल असा गुन्हा होऊ शकत होता आणि कोणत्या कवीने कोणानंतर गायचे हेही ठरलेले होते. कादंबरी लिहू पाहणाऱ्याने ही गोष्ट एकदा मनावर घेतली, की साहसे बाहेरून आणून जोडावी लागत नाहीत, कारण बार्ड कोणासमोर काय बोलतो आणि काय बोलायला नकार देतो यातूनच ती उभी राहतात. पुढे जे सांगितले आहे ते सारे या एका सूत्राला धरून आहे.

आधी दशक ठरवावे

“मध्ययुग” हा शब्द हजार वर्षे व्यापतो, आणि त्या पसाऱ्यात कथा ठेवली की सहाव्या शतकातील माणूस तेराव्या शतकातील दगडी किल्ल्यात शिरतो. म्हणून पात्रांची नावे सुचण्याआधीच एक दशक आणि एक प्रदेश पक्का करावा. माझी शिफारस सहाव्या शतकाच्या मध्याची आहे. इ.स. ५३६ मध्ये सूर्याचे तेज मंदावल्याची नोंद भूमध्य समुद्राकाठच्या लेखकांनी केली आहे, ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे तसे झाले हे आज मान्य झाले आहे आणि आयरिश वार्षिक नोंदींमध्ये त्याच वर्षापुढे भाकरी मिळेनाशी झाल्याचा उल्लेख येतो. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच महामारी पश्चिमेकडे पोहोचली, आणि वेल्सच्या जुन्या नोंदींनुसार ग्विनेद प्रांताचा बलाढ्य राजा माएलगुन ५४७ मध्ये एका मोठ्या साथीत मरण पावला.

हा माएलगुन आपल्या कामाचा आहे. गिल्डास नावाच्या त्याच्या समकालीन धर्मगुरूने त्याच्यावर जळजळीत टीका केली, आणि त्या टीकेतला एक मुद्दा असा की या राजाच्या कानांवर देवाची स्तुती पडतच नाही, भाडोत्री तोंडांनी केलेली स्वतःची स्तुतीच तेवढी पडते. स्तुतिगायकांनी भरलेला एक दरबार, त्याच्याकडे तुच्छतेने पाहणारा एक धर्मगुरू आणि लवकरच येणारा मृत्यू, एवढी सामग्री इतिहासाने तयार ठेवली आहे. राजा गेला की त्याच्या कवींचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कादंबरीने नेमके तेथूनच आत शिरावे.

काळ पक्का झाला की वगळण्याच्या वस्तूंची यादी आपोआप हाती येते. बटाटा नको, मका नको, धुराडे नको, चिलखती सरदार नको. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. फक्त नाण्यांचा मुद्दा थोडा वेगळा आहे, आणि त्याकडे पुढे येऊ.

तो भटका का झाला, याचे उत्तर पहिल्या प्रकरणात हवे

या काळातला कवी सहसा भटकत नसे. तो कोणाच्या तरी आश्रयाला असे. वेल्श कायद्याच्या ज्या प्रती आज उपलब्ध आहेत त्या बऱ्याच नंतरच्या असल्या, तरी त्यांत दिसणारी व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथे राजघराण्याच्या सैन्यतुकडीचा कवी आणि कवींचा प्रमुख अशी दोन वेगळी पदे आहेत. सभेत गायची वेळ आली की प्रमुखाने प्रथम देवाचे आणि मग राजाचे गीत गायचे, आणि त्यानंतर तुकडीच्या कवीने गायचे, असा क्रम आहे. राणीला तिच्या दालनात गाणे ऐकायचे असेल तर सभेला त्रास होऊ नये म्हणून कवीने हलक्या आवाजात गावे, असेही तेथे सांगितले आहे. आयर्लंडमध्ये तर “फिली” म्हणवणाऱ्या विद्वान कवींच्या सात पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या “ओल्लव”ला ३५० कथा तोंडपाठ असाव्या लागत, आणि त्याची मानहानी झाली तर मिळणारी भरपाई एका छोट्या राजाच्या भरपाईइतकी असे. तेथे साधा “बार्ड” हा या फिलींपेक्षा खालचा मानला जाई. या एका फरकातूनही संघर्ष उभा राहतो, कारण वेल्सहून आलेला आणि आपल्या देशात मान मिळवलेला बार्ड आयरिश सभेत पाऊल ठेवतो, आपली ओळख सांगतो, आणि त्या एका शब्दामुळे त्याला दाराजवळची जागा दिली जाते.

म्हणजे वाटेवर एकटा चालणारा कवी दिसला, की तेथील माणसांच्या मनात पहिला प्रश्न हा येणार की याचा धनी कोण आणि त्याने याला का सोडले. उत्तरे मोजकीच संभवतात. धनी मेला असेल. प्रतिस्पर्ध्याने जागा घेतली असेल. “डेओर” या जुन्या इंग्रजी कवितेतला कवी नेमके हेच दुःख सांगतो, की माझी जमीन आणि माझे पद दुसऱ्या कवीला दिले गेले. किंवा ज्या तुकडीसाठी तो गात होता ती तुकडीच संपली असेल. “गोडोदिन” या वेल्श शोककाव्याच्या परंपरेत असे येते की दिन एदिनच्या, म्हणजे आजच्या एडिनबरोच्या, राजाने तीनशे योद्ध्यांना वर्षभर मधाची मदिरा पाजली, ते कात्राएथच्या लढाईला गेले, आणि परत येणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या काव्यात मदिरा प्यायली म्हणजे तिचे मोल प्राणांनी फेडायचे हा भाव पुन्हा पुन्हा येतो. तीच मदिरा प्यायलेला कवी मात्र जिवंत राहतो. त्याने आपले मोल कशाने फेडायचे, हा प्रश्न ज्या नायकाला रात्री झोपू देत नाही, त्याला भटकायला लावण्यासाठी लेखकाला आणखी कारण शोधावे लागणार नाही.

मी स्वतः आधी निवडलेले कारण “जग पाहण्याची ओढ” हे होते. चार प्रकरणे लिहून झाल्यावर लक्षात आले की या माणसाला कोठेही थांबता येते आणि कोठूनही निघता येते, आणि त्यामुळे वाचकालाही त्याची काळजी वाटत नाही. ती चारही प्रकरणे मी बाजूला ठेवली.

मराठीत त्याला काय म्हणावे

हा प्रश्न वरवरचा वाटतो, पण संपूर्ण कादंबरीचा सूर त्यावर ठरतो. “शाहीर” म्हटले की वाचकाच्या कानात डफ आणि तुणतुणे वाजू लागते, आणि तो सह्याद्रीत जाऊन बसतो. “भाट” या शब्दाला स्तुतिपाठकाचा वास आहे. गिल्डाससारख्या पात्राच्या तोंडी तो अगदी चपखल बसेल, पण नायकाने स्वतःला भाट म्हणवून घेऊ नये. “चारण” दुसऱ्याच प्रदेशात नेतो. माझ्या मते निवेदनात “बार्ड” हाच शब्द ठेवावा, आयरिश सभेत “फिली” आणि इंग्रजांच्या सभेत “स्कोप” हे त्यांचे स्वतःचे शब्द योजावेत, आणि तळटीप न देता त्यांचा अर्थ प्रसंगातून कळू द्यावा.

हीच दक्षता इतर वस्तूंबाबतही घ्यावी. “दरबार” म्हटले की संगमरवर आणि गालिचे येतात, म्हणून “सभागृह” किंवा “मोठे लाकडी घर” बरे. “वीणा” लिहू नये. “लायर” लिहावे आणि हातात धरून छेडायच्या त्या तंतुवाद्याचे वर्णन करावे. “राजा” हा शब्द ठेवायला हरकत नाही, फक्त या राजाची सत्ता कधी कधी दोन दिवसांच्या चालीत संपते हे पहिल्याच भेटीत दाखवावे.

वाद्य हातात घेऊन पाहावे

लायरचे अवशेष सापडले आहेत, आणि त्यांच्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये उघडलेल्या दफनभूमीत मेपलच्या लाकडाच्या वाद्याचे तुकडे मिळाले, आणि ते वाद्य बीव्हर या प्राण्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेले होते. अभ्यासकांनी आधी त्याची हार्प म्हणून जुळणी केली, आणि पुढे ती चुकीची ठरून ते वाद्य लायर असल्याचे स्पष्ट झाले. प्रिटलवेल येथे २००३ मध्ये सापडलेल्या दुसऱ्या दफनात लाकूड जवळजवळ पूर्ण कुजून गेले होते, पण मातीवर त्याची गडद छटा राहिली होती. त्यावरून कळले की ती लायर एकदा मधोमध मोडली होती आणि लोखंड, चांदी व सोन्याचा मुलामा दिलेले तांबे यांच्या पट्ट्यांनी तिला पुन्हा सांधले होते.

या मोडलेल्या लायरजवळ लेखकाने बराच वेळ थांबावे. वाद्य मोडले तेव्हा कोणीतरी ते फेकून दिले नाही, नवे करून घेतले नाही, तर धातूकाम करणाऱ्या कुशल कारागिराकडे नेले, आणि मालक मेल्यावर त्याच्यासोबत ते पुरले. ते कोणी मोडले? मेजवानीत, रागाने, की घोड्यावरून पडून? दुरुस्तीनंतर तिचा आवाज बदलला असणार, आणि तो बदल फक्त वाजवणाऱ्यालाच कळत असणार. एवढ्या एका वस्तूवर कादंबरीचा मधला भाग उभा करता येतो.

रोजच्या वापराचे तपशील साधे ठेवावेत. बहुतेक लायरींना सहा तारा असत. तारांसाठी तात किंवा घोड्याचे केस वापरले जात असावेत, आणि दोन्हींचा ओलाव्याशी जमत नाही. पावसातून आलेल्या बार्डने सभेत शिरताच बोट फिरवून सूर छेडला, असे लिहू नये. त्याला आधी पिशवीची गाठ सोडावी लागेल, लाकडावरचे थेंब बाहीने टिपावे लागतील, आगीपासून फार जवळ नाही आणि फार लांबही नाही अशी जागा शोधावी लागेल, तारांखालची घोडी सरकली आहे का ते पाहावे लागेल आणि एकेक खुंटी अंगठ्याच्या पेराने पिळत कान लावून बसावे लागेल. तोवर सभेतले लोक त्याच्याकडे बघत आहेत, त्याच्या पायांतल्या फाटक्या कातडी जोड्यावरून त्याची किंमत ठरवत आहेत, आणि यजमान अजून एक शब्दही बोललेला नाही. ताण निर्माण करायला यापेक्षा चांगली जागा सहसा मिळत नाही, म्हणून ती दोन वाक्यांत उरकू नये.

कवीच्या हाताची किंमतही कायद्याने केली होती. आजच्या मध्य जर्मनीतील थुरिंगियन लोकांच्या, साधारण ८०२ च्या सुमाराच्या, कायद्यात असे म्हटले आहे की हार्प वाजवणाऱ्याच्या हाताला इजा केली तर त्याच दर्जाच्या इतर माणसापेक्षा चौथाईने अधिक भरपाई द्यावी. हा कायदा ब्रिटनमधला नाही आणि आपल्या दशकातलाही नाही, म्हणून तो जसाच्या तसा वापरू नये. पण ज्याचा हात चौथाईने महाग आहे अशा माणसाला लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, त्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

रस्ता, शिंग आणि तिसरी रात्र

प्रवासाची गणिते कागदावर मांडून ठेवावीत. जुने रोमन रस्ते अजून होते. काही ठिकाणी फरसबंदी उखडलेली, काही ठिकाणी पूल कोसळलेले, पण दिशा सरळ. चांगल्या हवेत धडधाकट माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालेल, दलदल आणि जंगल आले की त्याच्या निम्मेही नाही. उत्तरेची रोमन भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब होती आणि तिच्या काही गढ्यांमध्ये माणसे वस्ती करून होती. समुद्र ओलांडायचा तर लवचिक फांद्यांच्या सांगाड्यावर कातडे ताणलेली होडी, आणि वाऱ्याची वाट पाहत काठावर काढलेले कित्येक दिवस. कॉर्नवॉलच्या टिंटॅजेल येथे भूमध्य समुद्राकडच्या मद्याच्या आणि तेलाच्या कुंभांचे तुकडे विपुल मिळाले आहेत, तेव्हा एखाद्या धक्क्यावर ग्रीक बोलणारा खलाशी भेटला तर ते मुळीच अशक्य नाही.

कोठे पोहोचायचे कसे, याचे नियम मात्र खरे नाट्य पुरवतात. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने आणि केंटचा राजा विट्रेड या दोघांच्याही कायद्यांत एक कलम आहे: दूरवरून आलेला अनोळखी माणूस रस्ता सोडून चालत असेल आणि त्याने आरोळी ठोकली नाही की शिंग फुंकले नाही, तर त्याला चोर समजावे, आणि मग त्याला ठार करता येईल किंवा खंडणी घेऊन सोडता येईल. आपला बार्ड पाठलाग चुकवण्यासाठी रानातून चालला असेल, तर त्याने शिंग फुंकावे की नाही? फुंकले तर पाठलाग करणाऱ्यांना कळते, न फुंकले तर पहिल्याच गुराख्याला त्याला मारण्याचा हक्क मिळतो. केंटच्याच थोड्या आधीच्या कायद्यानुसार कोणी परक्याला तीन रात्री घरी ठेवून जेवू घातले, तर त्या परक्याने केलेल्या आगळिकीला यजमान जबाबदार ठरतो. त्यामुळे तिसऱ्या संध्याकाळी घरधनीण गप्प होते, भाकरी लहान होते, आणि कोणी काही न बोलताही पाहुण्याला कळते. हे कायदे इंग्रजांचे आहेत आणि आपल्या निवडलेल्या दशकानंतरचे आहेत. पण कथा त्या काळात नेली, किंवा अशी रूढी आधीपासून होती असे कल्पिले, तर वाचकाचा विश्वास ढळत नाही. कल्पनेची एवढी मोकळीक ऐतिहासिक अद्भुतकथेला असायलाच हवी.

आता नाण्यांविषयी. रोमन सत्ता गेल्यानंतर ब्रिटनमध्ये नाण्यांचा रोजचा वापर पाचव्या शतकातच थांबला होता, आणि केंटमध्ये सोन्याची नवी नाणी पडू लागली ती सातव्या शतकात. तेव्हा ५५० च्या बार्डला कोणी नाणे देणार नाही. त्याला जेवण मिळेल, आगीजवळची जागा मिळेल, झगा मिळेल, अंगठी किंवा दंडातले कडे मिळेल, आणि फारच मोठ्या यजमानाकडून घोडा किंवा गाय मिळेल. आयर्लंडमध्ये मूल्य दुभत्या गाईंमध्ये मोजले जाई. नाणे दिले की व्यवहार संपतो. झगा दिला की तो अंगावर राहतो आणि पुढच्या सभेत लोक विचारतात की हा कोणाचा. दिलेली वस्तू देणाऱ्याचे नाव सांगत फिरते, आणि ज्या राजाचा झगा अंगावर आहे त्याच्या शत्रूच्या दारात बार्ड उभा राहिला, की तेथे पुढचे प्रकरण आपोआप सुरू होते.

सभागृहातला प्रसंग

कादंबरीतले महत्त्वाचे प्रसंग येथेच घडणार आहेत. नॉर्थम्ब्रियातील येव्हरिंग येथे उत्खननात सुमारे २५ मीटर लांबीचे लाकडी सभागृह आणि जवळच पाचरीच्या आकाराची, चढत्या बैठकीची लाकडी रचना सापडली आहे. त्या मापाचे घर डोळ्यांसमोर आणावे: मध्ये जमिनीवर आग, धूर छपरातून वाट काढतो, टोकाला बसलेल्या माणसाचा चेहरा धुरातून फक्त अर्धा दिसतो. बार्डचा आवाज २५ मीटर पोहोचायला हवा, आणि त्याच वेळी कुत्री भांडत आहेत, कोणीतरी शिंगातली मदिरा सांडली आहे आणि दोन भाऊ जुन्या वादावरून एकमेकांकडे पाहणे टाळत आहेत. अनुभवी बार्ड गाणे निवडण्याआधी हे सारे वाचतो. त्याने कोणते गाणे निवडले यापेक्षा त्याने कोणते टाळले हे लिहावे.

गाण्याची पाळी फिरत असे हेही विसरू नये. बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या धर्मेतिहासात व्हिटबीच्या मठातल्या कॅडमनची गोष्ट आहे. मेजवानीत हार्प एकाकडून दुसऱ्याकडे जात आपल्याकडे येऊ लागली, की गाता न येणारा हा माणूस उठून जाई. अशाच एका रात्री तो गोठ्यात जाऊन झोपला, आणि स्वप्नात कोणीतरी त्याला गायला सांगितले. आपल्या बार्डने ही घटना घडताना पाहावी असे नाही, पण हातोहात फिरणारे वाद्य, जवळ येत जाणारी लाज आणि दाराकडे सरकणारा एक माणूस, हे दृश्य बार्डच्या डोळ्यांनी पाहिले तर केवढे वेगळे दिसते. तो माणूस बाहेर गेला हे सभेत फक्त त्यालाच दिसलेले असेल.

भाषेचा अडथळाही याच सभेत आणावा. बीडने ब्रिटनमधील पाच भाषा मोजल्या आहेत: इंग्रजांची, ब्रिटनांची, आयरिशांची, पिक्टांची आणि लॅटिन. त्यानेच सांगितले आहे की एडन हा आयरिश धर्मोपदेशक इंग्रजीत अडखळे, तेव्हा वनवासात आयरिश शिकलेला राजा ऑस्वाल्ड स्वतः त्याचा दुभाषा होऊन आपल्या सरदारांना अर्थ सांगे. बार्ड परभाषेच्या सभेत गात असेल, तर त्याचे शब्द पोहोचवणारा कोण, आणि तो काय वगळतो? सभा हसायला नको तेथे हसली, की बार्डला कळते की दुभाष्याने काही बदलले आहे. यातून निर्माण होणारा धोका तलवारीपेक्षा कमी नसतो.

गाण्यांचे शब्द मराठीत द्यावेत का? थोडे द्यावेत, आणि द्यायचे तर रचनेचा नियम पाळून द्यावेत. जुन्या इंग्रजी कवितेत ओळ मध्ये थांबते, आणि तिच्यातले तीन ठळक शब्द एकाच ध्वनीने सुरू होतात, तर शेवटचा मोकळा सुटतो. मराठीला अनुप्रास परका नाही, त्यामुळे हे जमते. मी माझ्या खर्ड्यात एका जळालेल्या गढीसमोर बार्डच्या तोंडी या ओळी दिल्या:

पहाट पांढरी, पाऊलवाट ओली,
राखेत रात्रीच्या राजा निजला,
कालचे कोरडे कोनाड्यात शिंग,
दारात दावे, दावणीला कोणी नाही.

यमक नाही, म्हणून वाचकाला ओवी किंवा अभंग आठवत नाही, आणि तो आपल्या ओळखीच्या छंदातून निसटून दुसऱ्या काळात जातो. चार ओळींच्या पुढे मात्र जाऊ नये. उरलेले गाणे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून सांगावे.

जादू: ती शब्दांत असावी आणि महाग असावी

येथे लेखकाला सर्वांत अधिक संयम लागतो. हातातून ज्वाळा सोडणारा बार्ड या काळात उपरा वाटेल, कारण त्या लोकांना कवीची जी भीती वाटत होती ती निराळी आणि अधिक खोल होती. आयरिश कथांमध्ये कवीची निंदा चेहऱ्यावर फोड उठवते, आणि ज्याच्या शरीरात व्यंग आहे त्याला राजा राहता येत नाही, म्हणून एक कविता राज्य उलथवते. कायद्याच्या पातळीवर अन्यायाने केलेल्या निंदेबद्दल कवीला भरपाई द्यावी लागे, आणि त्या भरपाईचे नावच “चेहऱ्याचे मोल” असे होते. जादू, प्रतिष्ठा आणि दंड या तिन्हींचा धागा एकाच शब्दात गुंफलेला आहे.

दुसरी श्रद्धा याहून उपयोगी आहे. राजा सत्याने वागला तर पीक येते, गाई दूध देतात, नद्या माशांनी भरतात. तो खोटा निवाडा करू लागला तर जमीन आटते, असे आयरिश परंपरा मानत होती. आता या श्रद्धेशेजारी ५३६ ची नोंद ठेवून पाहावी. सूर्य मंद झाला, भाकरी संपली. कोणाच्या खोटेपणामुळे? राजाच्या, की त्या राजाला सत्यवादी म्हणणाऱ्या कवीच्या? माझ्या कादंबरीची जादू मी याच एका प्रश्नावर उभी केली: बार्डने खोटी स्तुती केली की तिचे वजन जमिनीवर पडते, आणि कोठेतरी, बहुधा त्याच्या नजरेआड, काहीतरी सुकते. ते कोठे सुकले हे त्याला पुढच्या प्रवासात पाहावे लागते. अशा जादूला मंत्र लागत नाही, कांडी लागत नाही, आणि संशयी वाचकाला वाटले तर तो सगळे योगायोगावर सोडू शकतो. ती मोकळीक त्याला शेवटपर्यंत राहू द्यावी.

जादूचा नियम एकच असावा, तो पात्रांना पूर्ण माहीत नसावा, पण लेखकाला तंतोतंत माहीत असावा. बार्ड खरे बोलला तर काय होते, गप्प राहिला तर काय होते, दुसऱ्याचे खोटे गाणे त्याने नुसते गायले तर दोष कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिण्याआधी वहीत उतरवून ठेवावीत.

धर्मसत्तेला या कथेत खलनायक करण्याचा मोह टाळावा. ताण खराच होता. कवी आणि वादक यांनी मठांत ठाण मांडू नये असे ७४७ मध्ये क्लोव्हेशो येथील धर्मसभेने ठरवले, आणि ७९७ मध्ये आल्क्विन या इंग्रज विद्वान धर्मगुरूने एका पत्रात विचारले की इंगेल्डचा ख्रिस्ताशी काय संबंध. इंगेल्ड हा वीरगाथांतला नायक, आणि असे विचारावे लागले याचाच अर्थ भोजनाच्या वेळी धर्मगुरू त्या गाथा आवडीने ऐकत होते. दुसरीकडे आयरिश परंपरा सांगते की कवींच्या मागण्यांना कंटाळलेले राजे द्रुम केत येथे त्यांना हद्दपार करायला निघाले, तेव्हा त्यांची बाजू घेऊन उभा राहिला तो संत कोलुम्बा. लिहिता येणारा भिक्षू आणि सारे स्मरणात ठेवणारा बार्ड यांना एका छोट्या कोठडीत, एका हिवाळ्यात, एकत्र कोंडून पाहावे. एकाला वाटते की लिहून ठेवले तरच टिकेल, दुसऱ्याला वाटते की लिहिले की ते आपले राहणार नाही, आणि दोघांनाही एकमेकांची गरज आहे. माझ्या खर्ड्यातले हे प्रकरण सर्वांत लांब झाले, आणि मी ते कापले नाही.

दुसऱ्या खर्ड्याची एक तपासणी

पहिला खर्डा संपला की कथानक, भाषा, तपशील यांच्या नेहमीच्या दुरुस्त्या होतीलच. त्यांच्याआधी एक वेगळी वही घ्यावी आणि पानाच्या डाव्या बाजूला बार्डला कादंबरीभर मिळालेली प्रत्येक वस्तू लिहावी: प्रत्येक जेवण, प्रत्येक निवारा, झगा, कडे, होडीतली जागा, जखमेवर बांधलेले फडके. उजव्या बाजूला त्याबदल्यात तो काय बोलला किंवा काय बोलला नाही ते लिहावे. उजवी बाजू रिकामी राहील तेथे प्रसंग कच्चा आहे असे समजावे.

माझ्या वहीत नवव्या प्रकरणातल्या घोड्यासमोर काहीच नव्हते. बार्डला उत्तरेला लवकर पोहोचवायचे होते, म्हणून मी त्याला वाटेत एका शेतावर घोडा देऊन टाकला होता. मी ते पान पुन्हा लिहायला घेतले. घोडा आता एका विधवेचा आहे, तिच्या मुलाचा होता. मुलगा लढाईत पडला, पण पडण्याआधी पळत होता, आणि हे तिला ठाऊक आहे. तिला गाण्यात त्याचे नाव हवे आहे, इतरांच्या नावांबरोबर, त्याच ओळीत. बार्ड बराच वेळ घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहतो, आणि मग तिला विचारतो की मुलगा लहानपणी कशाला घाबरायचा.

ती सांगू लागते, आणि गाणे तेथून सुरू होते.